आमच्या सीबीसी मशीनसारखंच छिद्र, पण त्यातून डीएनएचा एकच रेणू वाचतात म्हणे, कसं काय?

धंतोली_डीएमएलटी

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांब आहे, वेळ असेल तरच वाचा.

मी नागपुरात धंतोलीत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, डीएमएलटी करून अकरा वर्षं झाली. सकाळी सातपासून जांभळ्या टोपीच्या ट्यूबा अन् सीबीसीचं, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजायचं मशीन, एवढंच आपलं विश्व. भाची एमएस्सी बायोटेक करून राहिली, ती म्हणे मामा चल आमच्याकडे लेक्चर आहे, म्हटलं चला, शनिवारी तसंही हाफ डे, घरी कूलरसमोर लोळण्यापेक्षा बरं. तिथं सरांनी खिशातून एक डबी काढली, स्टेपलरएवढी असेल, अन् म्हणे हे डीएनए वाचते, लॅपटॉपच्या यूएसबीले लावायचं. लाइट नाही, रंग नाही, लेझर नाही, पीसीआर म्हणजे डीएनएच्या कॉपी काढणं, ते नाही केलं तरी चालते. बारीक छिद्रातून डीएनएचा एक धागा ओढायचा अन् छिद्रातून जाणारा करंट मोजायचा, बस्स. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या अन् मी तिथंच अडकून बसलो.

काहून, तर आमचं मशीन पण हेच करते! डायल्युएंटमधून पेशी अपर्चरमधून, म्हणजे बारीक छिद्रातून ओढायची, पेशी गेली की करंट जरासा अडते, पल्स येते, पल्सची उंची म्हणजे पेशीचा आकार, पल्सा मोजल्या की काउंट. हे मी रोज पाहतो. पण लाल पेशी म्हणजे सात मायक्रॉनची, ऐंशी-नव्वद फेम्टोलिटरचा गोळा, तो अडवणारच नं. डीएनएचा धागा दोन नॅनोमीटर जाड, अन् भाची म्हणे डीएनएच्या ए अन् जी ह्या अक्षरांमधला फरक हिशोबानं एका ऑक्सिजनचा. एक अणू! तो करंटमध्ये दिसते?

म्हणजे मला समजून घ्यायचं ते असं की एवढं बारीक छिद्र पाडते कोण, आणि दुसरं म्हणजे कोरोनात आम्ही रात्र रात्र आरटीपीसीआर लावलं, तिथं एका रेणूच्या करोडो कॉपी केल्याशिवाय मशीनला काही दिसायचं नाही, मग इथं एकच कॉपी कशी पुरते, अन् वरून सर म्हणे सेकंदाला चारशे अक्षरं वाचते! एवढा बारीक फरक अन् एवढा वेग? भाचीला विचारलं तर म्हणे मामा, एआय आहे. हे काही उत्तर झालं का बे.

अजून एक, आमच्याकडे सिकलचे (सिकल सेल, रक्ताचा आनुवंशिक आजार) पेशंट खूप येतात, गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, सगळीकडून. ह्या डबीनं सिकल पाहता येईल का?

सेमिनरी_हिल्स

भाऊ, अर्धं उत्तर तर तुमच्याच प्रश्नात आहे, त्यामुळे मला लिहायला मजा येणार आहे. (बायोफिजिक्समध्ये पीएचडी केली, तीन वर्षं एकाच छिद्राकडे बघत काढली, त्यामुळे लांबण लागली तर सांभाळून घ्या.)

तुमच्या मशीनचं तत्त्व वॉलेस कूल्टरचं, पेटंट १९५३ चं. तुम्ही पाहिलेल्या डबीतलं तंत्र नॅनोपोअर, ते त्याचंच नातवंड समजा. तुमचं अपर्चर ७० मायक्रॉन धरलं आणि इथलं छिद्र दीडेक नॅनोमीटर, तर जवळपास पन्नास हजार पट बारीक. बाकी संसार तोच. दोन्हीकडे मिठाचं पाणी, मध्ये पडदा, पडद्यात भोक, दोन इलेक्ट्रोड.

छिद्र आयतं मिळतं हो, पाडावं लागत नाही. तुम्ही स्टॅफ ऑरियस हा जंतू ब्लड अगारवर, म्हणजे रक्त घातलेल्या थाळीवर लावला असेलच कधीतरी, कॉलनीभोवती लाल पेशी फुटून जे स्वच्छ वर्तुळ पडतं, त्यात ज्या विषाचा हात असतो ते अल्फा हिमोलायसिन. ह्या प्रथिनाचे सात तुकडे एकत्र येतात आणि पेशीच्या आवरणात भूछत्राच्या आकाराची एक नळी रोवून देतात. नळीची सगळ्यात अरुंद जागा सुमारे १.४ नॅनोमीटर. डीएनएचा एकेरी धागा त्यातून जेमतेम सरकतो, दुहेरी धागा दोन नॅनोमीटरचा म्हणून तो दारातच अडतो. जंतूनं आपल्या लाल पेशी फोडायला केलेलं हत्यार, तेच उचललं. आणि फायदा असा की अशी लाख छिद्रं घेतली तरी लाखही अणूला अणू सारखी. सिलिकॉन नायट्राइडच्या पातळ पापुद्र्यात माणसानं पाडलेली छिद्रं पण आहेत, २००१ पासून, चिवट आहेत ती, पण प्रत्येकाची कड वेगळी निघते.

कल्पना डेव्हिड डीमर ह्या अमेरिकन शास्त्रज्ञाला १९८९ मध्ये गाडी चालवता चालवता सुचली, वहीत चित्र काढून ठेवलं. पहिला पेपर यायला १९९६ उजाडलं, कासियानोविच, ब्रँडिन, ब्रँटन आणि डीमर ह्यांचा. त्यातले मुख्य प्रयोग तर आरएनएवर होते, नुसता यू यू यू यू असा धागा. म्हणजे वाचायला काही नव्हतंच, जातो का नाही तेवढंच बघायचं होतं.

आता एकच रेणू कसा पुरतो ते. छिद्राच्या दोन्ही बाजूंना १२० मिलिव्होल्ट लावले की त्यातून साधारण १२० पिकोॲम्पियर करंट जातो. ऐकायला काहीच वाटत नाही, पण आयन, म्हणजे मिठाचे भारित कण, मोजले तर सेकंदाला ७५ कोटी! धागा आत शिरला की हेच ७५ कोटी घसरून दहा कोटींच्या आसपास येतात. मंगल कार्यालयात पंगतीच्या वेळी दारातच एखादे काका चपला शोधत वाकले तर काय होतं, आतून काका दिसत नाहीत पण लोक येणं थांबलं हे लगेच कळतं, तसं. पीसीआरमध्ये तुम्ही रेणूची गर्दी करता, इथं रेणू एकटाच, गर्दी आयनांची. ती फुकट मिळते, मिठाचं पाणी घ्या की झालं.

फुकट म्हणाले खरं, पण ते ऐकू येण्याइतकी शांतता मिळवणं हे काय प्रकरण असतं ते आमच्या लॅबचं सांगते. टेफ्लॉनच्या पातळ पडद्याला केसाएवढं भोक, त्यावर लिपिडचा थेंब ब्रशनं फिरवायचा, तो पातळ होत होत दोन रेणूंच्या जाडीचा झाला की मग प्रथिन टाकायचं आणि वाट बघायची. कधी वीस मिनिटं, कधी दोन तास. करंट टुण्णकन एक पायरी वर चढला की समजायचं एक छिद्र बसलं. दुसरं बसायच्या आत उरलेलं प्रथिन धुऊन टाकायचं, नाहीतर सगळं पुन्हा. हे सगळं पत्र्याच्या बंद पेटीत, कारण बाहेरची वायरिंग त्यात गुणगुणते. एका मे महिन्यात सिग्नलवर पन्नास हर्ट्झची अशी जाड लाट येत होती की पिकोॲम्पियर सोडा, काहीच दिसेना. अर्थिंग बदललं, केबल बदलल्या, नवीन सिल्व्हर क्लोराइडच्या तारा केल्या, गाईडच्या शिव्या खाल्ल्या. बारा दिवसांनी कळलं की भिंतीपलीकडच्या खोलीतल्या कूलरचा पंप! तो बंद केला की लाट गायब. आणि पंप बंद केला की शेजारचे ४५ डिग्रीत उकडून निघणार, मग त्यांच्याशी तह केला, ते दुपारी जेवायला गेले की मी रीडिंग घ्यायचं. वर नागपूरची कोरडी हवा, अर्ध्या तासात पाणी उडून मीठ घट्ट व्हायचं आणि करंट आपोआप वर सरकत राहायचा. शेवटी ओल्या कापसाचे बोळे पेटीत ठेवले.

आता वेगाचं, आणि खरा चिवडा इथंच आहे. डीएनएवर फॉस्फेटमुळे ऋण भार, त्यामुळे तो धन इलेक्ट्रोडकडे सुसाट सुटतो. मोकळा सोडला तर एका अक्षराला एक-दोन मायक्रोसेकंद. तेवढ्या वेळात अडलेल्या छिद्रातून आयन जातात किती, तर शंभर-दोनशे. त्यांची स्वतःचीच चढउतार दहा-पंधराची. आता शंभरातून पाच कमी गेले म्हणून ते ए होतं का जी, सांगा कसं सांगणार? शिवाय एवढ्या घाईनं मोजायला लावलं की ॲम्प्लिफायरच बोंबलतो. म्हणून छिद्र १९९६ मध्ये हातात असून खरं वाचन जमायला २०१२ उजाडलं. मधली वर्षं गेली ब्रेक शोधण्यात.

ब्रेक पण जंतूंकडूनच मिळाला, म्हणजे जंतूंच्या विषाणूकडून. फाय-२९ नावाच्या विषाणूचं पॉलिमरेज, डीएनए कॉपी करणारं एन्झाइम. ते छिद्रापेक्षा जाड, त्यामुळे स्वतः आत जात नाही, तोंडावर बसतं आणि धागा एक एक अक्षर करून सोडतं. पतंगाची फिरकी धरणारा पोरगा बघा, मांजा खेचला तरी तो ठरवेल तेवढाच सुटतो. त्याच सुमारास छिद्रही बदललं, एमएसपीए, टीबीच्या जंतूच्या निरुपद्रवी चुलतभावाकडून घेतलेलं, त्याची अरुंद जागा लांबीला फार कमी. आत्ताच्या डबीत हेलिकेज असतं, दुहेरी धाग्याची चेन उघडत उघडत एक बाजू छिद्रात सोडतं.

तर चारशे अक्षरं सेकंदाला हा तुम्हाला जो वेग वाटला, तो ब्रेक लावल्यानंतरचा आहे. एका अक्षराला अडीच मिलिसेकंद, तेवढ्यात वरच्याच हिशोबानं अडीचेक लाख आयन जातात. शंभरच्या जागी अडीच लाख मोजायला मिळाले की पिकोॲम्पियर-दोन पिकोॲम्पियरचा फरकही पकडता येतो.

धंतोली_डीएमएलटी

बाप्पा! ब्रेक लावून चारशे. ताई हे त्या लेक्चरमध्ये कोणीच नाही सांगितलं, तिथं नुसतं पुढं काय काय होईल तेच. ब्लड अगारचं वाचून तर मी हसलोच, आम्ही ज्याला पाहून रिपोर्टवर बीटा हिमोलायटिक लिहितो त्यानं हे काम करावं.

पण मग एका वेळी छिद्रात एकच अक्षर असते का? नळीची लांबी तर अक्षरापेक्षा जास्त असेल नं?

अजनी_यार्ड

हा बरोबर पकडला भाऊ तुम्ही, एकच नसतं. मी बायोवाला नाही, कोडवाला, सध्या पुण्यात, सिग्नल प्रोसेसिंगवर काम करतो, ह्या डेटावर दोन वर्षं घासलीत. मूळचा अजनीचा, बाबा रेल्वेत, त्यामुळे मला हे सगळं मालगाडीतच समजतं.

कोळशाची गाडी चालता चालता रुळातल्या धरमकाट्यावरून जाते, माहीत असेल. आता समजा काटा एवढा लांब आहे की त्यावर पाच डबे एकदम उभे राहतात, आणि तुम्हाला फक्त पाचांचं मिळून वजन दिसतं, डबा दिसतच नाही. गाडी एक डबा पुढे सरकली, एक उतरला, एक चढला, नवीन वजन. पुन्हा सरकली, पुन्हा नवीन. ह्या वजनांच्या यादीवरून कुठला डबा कोणता ते ओळखायचं. डबे चारच प्रकारचे, ए सी जी टी. पाच जागा म्हणजे चारचा पाचवा घात, १०२४ वेगवेगळी वजनं, आणि त्यातली बरीचशी एकमेकांच्या इतकी जवळ की एका आकड्यावरून कोणाचा बापही सांगू शकत नाही. पण प्रत्येक डबा पाच वेळा मोजला जातो ना, पाच वेगवेगळ्या जागी, वेगवेगळ्या शेजाऱ्यांबरोबर. म्हणजे एक आकडा गोंधळात टाकत असला तरी पुढचे चार तोंड उघडतात. (काट्याच्या मधल्या डब्याचं वजन जास्त लागतं, कडेच्यांचं कमी, हे आणिक एक. उपमा आहे, फार ताणू नका.)

आणि इंजिन सरळ असतं तर प्रश्नच नव्हता. सेकंदाला चार-पाच हजार वेळा करंट मोजतात, म्हणजे अक्षरामागे सरासरी दहा-बारा आकडे. सरासरी! प्रत्यक्षात एन्झाइम कधी एका अक्षरावर बिडी ओढत बसतं तिथं चाळीस आकडे येतात, कधी दोन डबे गपकन निघून जातात, एखाद वेळी मागे पण सरकतं. त्यामुळे पुस्तकात दाखवतात तशा सुबक पायऱ्या कुठं नसतात, केस पिंजारल्यासारखी रेघ असते. आधी हिडन मार्कोव्ह मॉडेल वापरायचे, आता न्यूरल नेटवर्क, माहीत असलेल्या डीएनएच्या लाखो रेघा दाखवून शिकवलेलं. भाचीचं एआयवालं उत्तर चूक नाही, आळशी आहे फक्त.

आता कुठं फसतं बघा. समजा दहा डबे ओळीनं ए. ए ए ए ए ए ए. काटा पाच ए दाखवतो, सरकलं तरी पाच ए, पुन्हा सरकलं तरी पाच ए. काटा हलतच नाही! मग किती डबे गेले कसं कळणार, घड्याळ बघून, आणि इंजिनाचा वेग तर वर सांगितलाच. म्हणून एकाच अक्षराच्या लांब रांगांमध्ये मोजदाद चुकते. ह्यावर नंतरच्या छिद्रात अरुंद जागा एकाऐवजी दोन ठेवल्या, थोड्या अंतरावर, म्हणजे एक काटा थिजला तरी दुसऱ्यावर अजून वेगळे डबे असतात. बरंच सुधारलं त्यानं, पूर्ण नाही.

पीसीआर नको ह्यामागे अजून एक कारण आहे, माझ्या मते सगळ्यात भारी गोष्ट ही आहे आणि लेक्चरवाले हमखास विसरतात. पेशी काही सी अक्षरांवर मिथाइलचा छोटासा गट चिकटवून ठेवते, कुठला जीन बंद ठेवायचा वगैरे त्यावरून ठरतं. म्हणजे डबा तोच पण वर ताडपत्री. काट्यावर ताडपत्रीचं वजनही येतं, त्यामुळे ती वेगळी ओळखता येते. पीसीआरची कॉपी करताना एन्झाइम नुसता डबा बघतं, ताडपत्री उडून जाते. म्हणून मूळचाच धागा वाचायला मिळणं हा फायदा. आरएनए पण असाच सरळ वाचतात, डीएनएत उलटा न करता.

बर्डीवाला

हे सगळं ऐकायला छान आहे पण मी ऐकलं की ह्यात चुका लई असतात. मोठ्या मशीनवाले हसतात ह्याच्यावर. स्टेपलरएवढ्या डबीनं जिनोम, म्हणजे सगळाच्या सगळा डीएनए, वाचला हे मार्केटिंग वाटते मला. एका छिद्रातून माणसाचा जिनोम वाचायचा म्हटलं तर हिशोब करा, किती दिवस लागतील?

अजनी_यार्ड

@बर्डीवाला हिशोब करूनच टाकू. ३१० कोटी अक्षरं भागिले ४००, साडेसत्त्याहत्तर लाख सेकंद, नव्वद दिवस. दिवाळीला लावा, शिमग्याच्या आधी निघेल, न थांबता गेलं तर. पण डबीत छिद्र एक नसतं, एका वेळी ५१२ चॅनेल वाचतात, म्हणजे कागदावर सव्वाचार तास. कागदावर म्हणतोय, कारण सगळी छिद्रं कायम चालू नसतात आणि विश्वास ठेवण्यासारखा रिझल्ट हवा तर एकच जागा वीस-तीस वेळा वाचावी लागते. मोठ्या यंत्रात अशा कितीतरी चिप एकदम लावतात.

चुकांचं म्हणाल तर २०१४ मध्ये लोकांच्या हातात पहिल्यांदा आलं तेव्हा हसण्यासारखंच होतं, दर तीन-चार अक्षरांमागे एक चूक वगैरे. आता नव्या छिद्रावर एकेका धाग्याचं वाचन ९९ टक्क्यांच्या घरात जातं. तरी लहान तुकड्यांवर प्रकाशवाली मोठी मशीनं अजून सरस, हे मी मान्य करतो. पण त्यांचा तुकडा दीडशे-तीनशे अक्षरांचा, आणि इथं धागा जेवढा लांब द्याल तेवढा वाचतो, लाखभर अक्षरांचे धागे लोक सर्रास वाचतात, दहा-वीस लाखांच्या वरही गेलेत. माणसाचा जिनोम २००३ मध्ये पूर्ण झाला म्हणून पेढे वाटले ना, त्यात आठेक टक्के भोकं होती, तेच ते तुकडे पुन्हा पुन्हा येतात अशा जागा. ती भरून खरा पूर्ण जिनोम २०२२ मध्ये छापला, आणि त्यात ह्या लांब धाग्यांचा मोठा वाटा होता, दुसऱ्या एका लांब वाचणाऱ्या पद्धतीच्या जोडीनं. हे मार्केटिंग नाही.

आणि डबी लहान आहे त्याचा उपयोग गिनीत झाला, २०१५ मध्ये इबोलाच्या साथीत, विमानाच्या सामानात नेऊन तिथंच विषाणू वाचले. २०१६ मध्ये अंतराळ स्थानकात केट रुबिन्स ह्या अंतराळवीरानं पण चालवली.

संत्रा_मार्केट

मी उशिरा आले पण मला बोलायचंच आहे, कारण मी ही चिप, म्हणजे डबीत बसते ती छिद्रांची पट्टी, मारलेली आहे. अक्षरशः मारली.

प्रोजेक्ट असिस्टंट होते एका ठिकाणी, कुठं ते सोडा. नवीन चिप आली, फ्रिजमधून काढली, चेक केली तर १४०० च्या वर छिद्रं जिवंत, एकदम खूश. २०४८ खळगे असतात पण सगळ्यांत चांगलं छिद्र बसलेलं नसतं, तेवढं चालतं. मग बफर भरायचा असतो. झाकण सरकवलं की तोंडाशी एक छोटा बुडबुडा असतो, मुगाच्या डाळीएवढा पण नाही. तो आधी पिपेटनं मागे ओढून काढायचा, चाक हळूहळू उलटं फिरवत, पिवळसर थेंब टिपमध्ये दिसला की थांबायचं. मला हे तीन वेळा सांगितलेलं. पण त्या दिवशी सकाळपासून लाइट ये-जा करत होती, मी घाईत, सरळ बफर ढकलला. बुडबुडा आत गेला. त्या काचेखालून तो सरकताना दिसतो हो! काळ्या चिपवरून चंदेरी तुकडा सरकत गेला आणि जिथून गेला तिथले पडदे फुटले. पुन्हा चेक केलं, तीनशे दहा. माझ्या दोन महिन्यांच्या पगाराएवढी चिप. कोणी ओरडलं नाही, ते जास्त वाईट. मॅडम नुसतं म्हणाल्या जा चहा पिऊन ये.

आणि उन्हाळ्यात एसी ट्रिप होणं हा वेगळाच ताप. ही डबी चिपला ३४ डिग्रीच्या आसपास ठेवते, गरम करून. नागपूरच्या मे महिन्यातल्या बंद खोलीत तिला गरम करायची गरजच नाही, थंड करायची आहे. एन्झाइमचा वेग तापमानानं बदलतो, अजनीवाल्या दादांच्या इंजिनाचा सगळा हिशोब बिघडतो मग.

भाऊ तुमच्यासाठी एक गंमत. तुमच्या मशीनमध्ये अपर्चर क्लॉग झालं की झॅप मारता ना, जास्तीचा व्होल्टेज देऊन कचरा जाळायचा आणि उलटा फ्लश? इथं पण धागा गाठ पडून अडकला की त्या एका छिद्राचा व्होल्टेज उलटा करतात, धागा मागे थुंकला जातो. आणि ह्याच युक्तीवरून एक भन्नाट गोष्ट काढली लोकांनी, धाग्याची पहिली थोडी अक्षरं वाचायची, कॉम्प्युटरनं तिथल्या तिथं बघायचं की हा आपल्या कामाचा आहे का, नसला तर व्होल्टेज उलटा, चल बाहेर, पुढचा ये. आरटीओतल्या खिडकीसारखं, पहिला कागद बघूनच परत.

सिकलबद्दल बोलायचं तर, येईल, पण गरज नाही असं माझं स्पष्ट मत. सिकल म्हणजे बीटा ग्लोबिन जीनमध्ये एक अक्षर बदललेलं, जीएजी चं जीटीजी, ए च्या जागी टी. ही डबी ते वाचेल. पण कॅम्पमध्ये सोल्युबिलिटी टेस्ट, पॉझिटिव्ह आली की हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून बघणारं इलेक्ट्रोफोरेसिस नाहीतर एचपीएलसी, हे स्वस्त आहे, चालतं आहे, लहानशा लॅबमध्ये होतं. त्यासाठी जिनोम वाचणं म्हणजे डोंगर पोखरून उंदीर काढणं. हां, एक जागा आहे जिथं मी ही काढेन. पेशंटमध्ये सिकल पण आहे आणि त्याच जीनच्या दुसऱ्या आजाराचा, बीटा थॅलेसेमियाचा बदल पण आहे, तेव्हा दोन्ही एकाच क्रोमोसोमवर बसलेत का आईकडचा एक आणि बाबांकडचा एक, हे कळायला हवं. लहान तुकड्यांत दोन्ही बदल वेगवेगळ्या तुकड्यांवर येतात, जोडी लागत नाही, आईबाबांचं सॅम्पल मागवावं लागतं. लांब धाग्यावर दोन्ही एकाच ओळीत दिसतात, किंवा दिसत नाहीत. तेवढ्यासाठी ठीक. रोजच्या तपासणीला कोणी विकायला आलं तर चहा पाजा आणि परत पाठवा.

बर्डीवाला

ओके पटलं. थोडं. बुडबुड्याचं वाचून वाईट वाटलं ताई.

धंतोली_डीएमएलटी

सगळ्यांचे आभार, भाचीला पूर्ण थ्रेड पाठवला, तिनं अंगठा टाकला फक्त, वाचलं का नाही देव जाणे.

आज ड्यूटीवर अकराच्या सुमाराले खरंच क्लॉगचा अलार्म आला, एका सॅम्पलमध्ये बारीक गुठळी होती. झॅप दाबलं, फ्लश झालं, काउंट परत सुरू. अकरा वर्षं हे बटण दाबून राहिलो, आज पहिल्यांदा अपर्चरच्या झाकणाकडे जरा वेळ पाहत बसलो. रिसेप्शनवाली म्हणे काय झालं, बिघडलं का.

एक शेवटचं, आम्ही रोज रात्री बंद करायच्या आधी प्रोब क्लिन्झर मारतो, म्हणजे ब्लीचच ते, प्रथिनाचा गाळ निघून जाते. तुमच्या चिपले दुसऱ्या दिवशी वापरायची असली तर काय मारता?

संत्रा_मार्केट

अहो भाऊ ब्लीच नका मारू! तिथं प्रथिनाचा गाळ नाही, छिद्रच प्रथिनाचं आहे, तेच विरघळेल. डीएनए खाणारं एन्झाइम सोडतात, डीएनेज. ते उरलेले धागे आणि छिद्रात अडकलेल्या गाठी चावून बारीक करतं, छिद्राला हात लावत नाही. मग धुऊन, स्टोरेज बफर भरून फ्रिजमध्ये. माझ्या त्या तीनशे दहावालीला पण असंच धुऊन पुन्हा वापरली, दोन छोटे बॅक्टेरिया निघाले त्यातून.

आणि हो, भरताना बुडबुडा काढा.